ठेवणीतले बाण

सातपूरच्या ज्या कारखान्यात शेखर गायधनींची हयात गेली, तिथल्या कामगारांचं एक ठाम मत होतं. शेखररावांच्या स्टोअरमधून बोल्ट मागून घेण्यापेक्षा तो घरी कानशीने घासून बनवणं लवकर होतं. शेखररावांना हे मत ठाऊक होतं आणि ते त्यांना प्रशस्तिपत्रासारखं वाटायचं. स्टोअर ही माल द्यायची जागा असते, हा गैरसमज पसरवणारी माणसं कारखान्यात पुष्कळ होती. स्टोअर ही माल ठेवायची जागा. देणं हा मालाला होणारा आजार आहे आणि तो टळेल तितका टाळायचा असतो, असं त्यांचं शास्त्र होतं.

निवृत्त झाल्यावर माणसं सोसायटीच्या कमिटीत शिरतात, नाहीतर गोदाकाठी फिरायला जाऊन दुसऱ्यांच्या शुगरची चौकशी करतात. शेखररावांवर ती वेळ आली नाही. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांचं स्वतःचं स्टोअर आधीच सुसज्ज होतं. तिसरी खोली. बिल्डरच्या नकाशात तिचं नाव ‘मुलांची खोली’ असं होतं, आणि एके काळी तिच्यात खरोखरच एक मूल राहत असे.

ते मूल म्हणजे मृण्मयी. चौथीच्या सुट्टीत एका शिबिरात भिकन अहिरे नावाच्या सरांनी तिच्या हातात बांबूचं धनुष्य दिलं. पहिला बाण मैदान ओलांडून रसवंतीच्या छपरात गेला. दुसरा टार्गेटच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात बसला. सर म्हणाले, ही पोरगी मला द्या. तेव्हापासून मृण्मयी बाण मारायला शिकली आणि तिचे बाबा बाण बनवायला शिकले. पुढे तिने मारायचं सोडलं. यांनी बनवायचंही सोडलं, पण सामान ठेवायचं सोडलं नाही.

बाणाला काय लागतं, एक काडी आणि तीन पिसं, असं ज्याला वाटतं त्याने ती खोली पाहिलेली नाही. बांबूच्या काड्या सायखेड्याहून यायच्या. कारखान्यातला फिटर कारभारी याच्या मळ्यात नदीच्या कडेला बांबूचं बेट होतं. काड्या सावलीत सुकवायच्या, गॅसच्या मंद आचेवर फिरवून हाताने सरळ करायच्या, सराफाकडून आणलेल्या काट्यावर तोलायच्या आणि सारख्या वजनाच्या काड्यांच्या जुड्या बांधायच्या. आडव्या ठेवल्या की त्या वाकतात, म्हणून प्लंबरच्या पांढऱ्या पाइपांत उभ्या, आणि पाइप कपाटात उभे. मृण्मयीचे फ्रॉक त्या कपाटातून तेव्हाच आईच्या कपाटात गेले. बायकोचा, म्हणजे इंदिराताईंचा, मसाल्याचा डबाही असाच एके दिवशी खोलीत गेला. त्याच्या वाट्यांमध्ये बाणाची टोकं वजनाप्रमाणे आणि दोरीत अडकवायच्या खाचा रंगाप्रमाणे बसल्या. इंदिराताईंनी महिनाभर मोहरी वर्तमानपत्राच्या पुडीत ठेवली आणि मग निमूटपणे नवा डबा आणला. गोंदाच्या बाटल्या फ्रिजमध्ये गुलकंदाशेजारी. फ्रिजच्या दारावर चिठ्ठी: ‘डावीकडचे खाऊ नये.’

आणि पिसं. कारभारीने मळ्याच्या राखणीला कुत्र्याऐवजी दोन टर्की पाळले होते. ते अनोळखी माणसावर धावून जात, आणि ओळखीच्यावर तर आवर्जून. त्यांची झडलेली पिसं तो पोत्यात भरून आणायचा. डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वळतं, उजव्या पंखाचं दुसऱ्या. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच पंखाची लागतात, नाहीतर बाण हवेत गोंधळतो. त्यामुळे शेखररावांनी साडीच्या दुकानातून रिकामी खोकी मागून आणली होती. निम्म्यांवर ‘डावी’, निम्म्यांवर ‘उजवी’. प्रत्येकात डांबरगोळ्यांची मलमलच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी.

या सगळ्याच्या वर, माळ्यावर, एक जाड पाइप होता. दोन्ही तोंडांना बूच आणि बुचांवर चिकटपट्टी. त्यात बारा बाण होते. शेखररावांनी आयुष्यात जे काही केलं त्यातलं हे सर्वांत चांगलं होतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि ते बरोबर होतं. काड्या एकाच बांबूच्या. वजनात गुंजेचा फरक नाही. पिसं सगळी डावी, पांढरी, एक तपकिरी पट्टा असलेली. वर लाल रेशमी धाग्याचं वेटोळं. घराघरांत ठेवणीतली पैठणी असते, ठेवणीतले कप असतात, तसे हे ठेवणीतले बाण. ते एकदाही धनुष्याला लागलेले नव्हते.

इंदिराताईंच्या लेखी बाण म्हणजे वेगळी गोष्ट होती. सरावाचे जुने, डागडुजी केलेले पाच-सहा बाण शेखररावांनी भंगारात काढले, तेव्हा त्या ते स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. एकाने त्या उंच दांडीवर ओले कपडे टाकत. एकाच्या पिसांनी देवघरातली धूळ झाडत. बाळकृष्णाच्या कोपरात शिरणारं दुसरं काही बाजारात मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एक गीझरचं बटण दाबायला. बाकीचे छत्र्यांबरोबर दाराआड.

“खेळाचं साहित्य आहे ते,” शेखरराव सुरुवातीला म्हणाले होते.

“मग खेळा की,” इंदिराताई म्हणाल्या होत्या.

त्यानंतर या विषयावर चर्चा झाली नव्हती.

जानेवारीतल्या एका मंगळवारी मृण्मयीचा पुण्याहून फोन आला आणि तिने बाबांना बोलवायला सांगितलं. ही बातमी होती. एरवी ती आईशी बोले आणि शेवटी फोन बाबांकडे जाई. मग, बरा आहेस ना, बरा आहे, गोळ्या घेतोस ना, घेतो, ठेवू का, ठेव. वर्षानुवर्षं हा संवाद इतका सुरळीत चालला होता की त्यात भांडायला जागाच नव्हती.

“बाबा, रविवारी भिकन सरांचा निरोपाचा कार्यक्रम आहे. जुनी पोरं जमणारेत ग्राउंडवर. सर म्हणालेत, भाषणं नकोत. ज्याने त्याने येऊन बाण मारायचे.”

“बरं.”

“धनुष्य सर देतील. पण बांबूचे बाण माझ्या मापाचे कुणाकडे असणार? तुझ्याकडे काही आहेत का रे उरलेले?”

“उरलेले कशाला? तुझे ठेवणीतले बारा आहेत की. जसेच्या तसे.”



“ते?”

“ते.”

“देशील?” मृण्मयीने विचारलं.

तिने टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर शेखररावांनी तो झेलला असता. इंदिराताईंबरोबर राहून त्यांचा त्यात हात बसला होता. तिने खरंच विचारलं होतं, जसं कारखान्यातला नवा पोरगा खिडकीशी उभा राहून, मिळेल की नाही याचा अंदाज घेत विचारतो. “देईन म्हणजे काय,” ते म्हणाले. “तुझेच आहेत.” फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ त्या एका शब्दापाशी बसून राहिले.

चांदवडची गोष्ट दोघांनाही ठाऊक होती आणि दोघांनीही ती कधी काढली नव्हती. मृण्मयी तेव्हा दहावीत. जिल्ह्याची निवड चाचणी चांदवडच्या एका मैदानावर होती. पहिल्या चार मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या. दुपारपर्यंत मृण्मयी दुसरी होती. मग भुरभुर पाऊस सुरू झाला. पीस ओलं झालं की काडीला चिकटून बसतं आणि बाण शेपटी हलवत जातो. तिचे बाण तसे जायला लागले. ती धावत बाबांकडे आली. पाइप बरोबर होता. शेखरराव तो सगळीकडे बरोबर नेत, जशी काही माणसं प्रवासात पोथी नेतात. “बाबा, ते कोरडे काढ ना.” आणि शेखरराव म्हणाले होते, “अगं, ते राज्यासाठी आहेत. इथे जिल्ह्यातच कशाला भिजवायचे? पुसून मार, जमेल.”

तिने पुसून मारले. ती पाचवी आली.

राज्यासाठी ठेवलेले बाण राज्यापर्यंत पोचण्यात एवढी एकच अडचण राहिली होती. गाडीतून परत निघाले. वणीचा फाटा मागे पडल्यावर शेखरराव म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” ती म्हणाली, “ठीक आहे.” पुढच्या वर्षी अकरावी आली, क्लास आले, आणि तिने धनुष्य खोलीत आणून भिंतीला टेकवून ठेवलं. शेखररावांनी ते गवसणीत घालून नीट कपाटात ठेवलं. ठेवणं त्यांना जमायचं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी शस्त्रपूजेत ते बारा बाण मांडले. पाटावर लाल वस्त्र, त्यावर बाण, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. गायधनी म्हणजे घाटावरच्या उपाध्यांचं घराणं. आजोबांनंतर घाटावर कुणी बसलं नाही, पण पूजा म्हणाल तर यथासांग. दुसऱ्या दिवशी बाण परत ठेवताना त्यांना वाटलं, पूजेची फुलं काढून टाकण्यापेक्षा असू द्यावीत बाणांबरोबर, आशीर्वाद म्हणून. पाइपात डांबरगोळी घालायला मात्र मन होईना. पुजलेल्या वस्तूत डांबर कसं घालायचं? मग दरवर्षी हेच झालं. पुढे पुढे, उघडल्याने पिसांना हवा लागते म्हणून, ते बंद पाइपाचीच पूजा करू लागले. ओल्या कुंकवाची बोटं बुचावर एकावर एक चढत गेली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पाइप माळ्यावरून उतरवला. इंदिराताई चहाचे कप घेऊन दारात आल्या. मृण्मयी शनिवारी येणार, तिला झोपायला खोली हवी, म्हणून एवीतेवी ती आवरायचीच होती.

“पलंग दिसला तर मला हाक मारा,” त्या म्हणाल्या. “बघून बरेच दिवस झाले.”

शेखररावांनी चिकटपट्टी सोलली. बूच फिरवलं. पाइप तिरका केला, तेव्हा आधी बाण आले नाहीत. आधी आली ती पूड. भाजणीसारखी, तपकिरी, बारीक, आणि तिच्यात हलकी हलकी केसाळ टरफलं. तिच्या मागून झेंडूचे देठ आले, पाकळ्या नसलेले. मग बाण आले. काड्या जशाच्या तशा होत्या, सरळ, पिवळ्याधमक. लाल रेशीमही होतं. पिसांच्या जागी मात्र नुसते दांडे होते, माशाच्या काट्यासारखे, त्यावर कुठे कुठे पांढरा धागा अडकलेला.

इंदिराताईंनी कप खाली ठेवले. देठ उचलून हातात फिरवला.

“फुलं आत ठेवली होतीत?”

“पूजेची होती.”

“अहो, झेंडूत बारीक किडे असतात. गोल, ठिपक्याठिपक्यांचे. फुलांवरच बसतात ते. त्यांच्या अळ्यांना लोकर म्हणू नका, पिसं म्हणू नका, सगळं चालतं. माझी शाल नव्हती का गेली?”

“तेव्हा सांगायचं होतंस.”

“शालीचं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वापरली असतीस तर गेली नसती.”

हे शेखररावांना आठवत होतं. ते वाक्य बोलताना त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं होतं, तेही आठवत होतं.

“बाण आहेत ना पण,” ते म्हणाले. “पिसंच लावायचीत. दोन दिवसांत बारा सहज होतील.” आणि त्यांनी घाईघाईने ‘डावी’ लिहिलेलं पहिलं खोकं उघडलं. डांबरगोळ्या केव्हाच विरून गेल्या होत्या. पुरचुंडी तेवढी राहिली होती, गाठ न सुटलेली. पिसांचे दांडे नीट ओळीने लावलेले होते. दुसरं खोकं उघडलं. मग ‘उजवी’. किड्यांनी डावं-उजवं असा भेद केला नव्हता. गोंदाच्या बाटल्या फ्रिजमध्ये दगड झाल्या होत्या. इतकी वर्षं गुलकंदाने त्यांना शेजार दिला होता तो फुकट गेला.

त्यांनी कारभारीला फोन लावला.

“बोला साहेब. आज कशी काय आठवण?”

“कारभारी, थोडी पिसं हवी होती. टर्कीची. आजच येतो सायखेड्याला.”

“टर्की? ते कव्हाच गेले साहेब. एकाला कुत्र्यांनी नेला अन् दुसऱ्याला माझ्या जावयानं. लय दिवस झाले.”

“कुणाकडे तरी असतील.”

“गावात आता कोंबड्या हाय. कोंबडीच्या पिसाचा काय बाण होतो का?” मग त्याला काहीतरी आठवलं. “पण साहेब, तुमाला तर पोत्यानं पिसं दिलीत मी. संपली का काय सगळी? लय बाण झाले म्हणायचे.”

“नाही,” शेखरराव म्हणाले. “ठेवली होती.”

“ठेवली?” कारभारी म्हणाला, आणि तोही स्टोअरच्या खिडकीवर उन्हाळे-पावसाळे उभा राहिलेला माणूस असल्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी मृण्मयी बसने द्वारकेला उतरून चालत घरी आली. शेखररावांनी रात्रभरात सांगायच्या तीन-चार तऱ्हा तयार केल्या होत्या. एकीत हवामानाचा दोष होता, एकीत टर्कींच्या जातीचा. पण ती चप्पल काढून सरळ तिसऱ्या खोलीत गेली आणि पलंगावर वर्तमानपत्र पसरून मांडलेले ते बारा सांगाडे तिने पाहिले. शेखरराव मागे उभे राहिले. 

“कसर लागली,” ते म्हणाले. “पूजेच्या फुलांतून.”

तिने एक बाण उचलला. काडी डोळ्यासमोर धरून सरळपणा पाहिला. ती सवय तिची गेली नव्हती. मग बोटाच्या नखाने दांड्यावरून हळूच ओढलं. थोडी पूड पडली.

“किती छान केले होतेस,” ती म्हणाली.

“मी नाशिकभर फोन केले. मुंबईला पण एका माणसाला...”

“ठीक आहे, बाबा. क्लबातले कार्बनचे घेईन एखाद्याचे. तसंही मी कुठे पिवळ्यात मारणारे आता.” आणि ती बाण जागेवर ठेवून हात धुवायला गेली.

ते ‘ठीक आहे’ शेखररावांनी ओळखलं. इतकी वर्षं ते कुठेतरी कोरड्या जागी नीट राहिलं होतं, त्याला कसर लागली नव्हती.

संध्याकाळी ती आईशी बोलत स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. इंदिराताईंनी धुतलेला टॉवेल घेतला, दाराआडून बाण काढला आणि टॉवेल दांडीवर चढवला. मृण्मयी बोलता बोलता थांबली.

“आई, तो दे बघू.”

ओल्या कपड्यांनी काडी काळवंडली होती. खाचेपाशी कधी काळी दोऱ्याने बांधलेली डागडुजी दिसत होती. पिसं तेलकट होती, कडेने झिजलेली, एक अर्धवट. पण पिसं होती. मृण्मयीने ती फुंकर मारून उलटी केली. ती परत जागेवर आली.

“हा चांदवडचा,” ती म्हणाली. “ही गाठ मी बांधली होती, बाबाची नाही. बाकीचे कुठेत?”

देवघरातला निघाला. गीझरजवळचा निघाला. छत्र्यांतले निघाले. ती जमिनीवर बसून ते एकेक पुसायला लागली. इंदिराताई म्हणाल्या, “त्यांना काही होणार नाही गं. रोज हातात असतात,” आणि कुकर लावायला वळल्या. शेखरराव दारात उभे होते. पुढे व्हावं, वाफेवर पिसं कशी उभी करतात ते करून द्यावं, असं त्यांना फार वाटलं. किटली गॅसवर ठेवायची, तोंडाशी बाण फिरवायचा, एवढंच तर असतं. पण मृण्मयीने आपणहूनच किटली ठेवली. तिला ते येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

रविवारी सकाळी ग्राउंडवर कडाक्याची थंडी होती. भिकन सर माकडटोपी घालून खुर्चीत बसले होते आणि आलेल्या प्रत्येकाला, भाषण करणार नाहीस ना, असं दरडावून विचारत होते. गायधनींना पाहून त्यांनी टोपी वर केली.

“अरे, गायधनी साहेब. पाइप कुठाय?”

“घरी.”

“बाप रे. तब्येत बरी ना?”

मृण्मयी रेषेवर उभी राहिली. पहिले दोन बाण टार्गेटच्या मागच्या मातीत गेले. मग खांदा सैल झाला असावा. देवघरातला बाण निळ्यात बसला. कपड्यांचा बाण तांबड्यात, पिवळ्याला लागून. कुणीतरी टाळी वाजवली. तिने मागे वळून पाहिलं, आणि शेखरराव हसले, जरा उशिरा.

पुढच्या फेरीत कपड्यांचा बाण टार्गेटच्या लाकडी पायावर आदळला आणि फुटला. शेखरराव सवयीने धावत गेले. फुटक्या काडीचं टोक काढून घेता येतं, खाचही काढता येते. ते वाकून गवतातून तुकडे वेचत होते तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

“राहू दे ना बाबा.”

“टोक चांगलं आहे.” मग ते वाकलेलेच राहिले आणि म्हणाले, “मृणू, त्या दिवशी द्यायला हवे होते मी. कोरडे होते. तू गेली असतीस राज्याला.”

 पलीकडे कुणाचा तरी बाण टार्गेटमध्ये बसल्याचा आवाज आला.

“गेले असते की नसते, कुणाला माहीत,” ती म्हणाली. “मला बाणांचं एवढं नाही वाटलं रे. म्हणजे वाटलं. पण मी मागायला आले तेव्हा तू खुर्चीत बसला होतास. मांडीवर पाइप. आणि छत्री पाइपावर धरली होतीस.”

शेखरराव सरळ झाले.

“मी भिजून उभी होते समोर. तू बोललास, पुसून मार. छत्री काही हलली नाही. मग मी गेले पुसायला.”

हे तिने रागाने सांगितलं नाही. लहानपणी पडलेल्या एखाद्या दाताची गोष्ट सांगावी तसं सांगितलं, आणि उरलेले बाण उपटायला टार्गेटकडे गेली.

शेखररावांना त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. पाऊस आठवत होता. तिचं मागणं आणि आपलं उत्तर शब्दन् शब्द आठवत होतं. त्यासाठी ते स्वतःला इतकी वर्षं व्यवस्थित, रीतसर दोष देत आले होते. छत्री मात्र त्यांच्या आठवणीत नव्हतीच. ते मैदानात उभे राहून ती शोधायला लागले. काळी होती, लाकडी मुठीची, स्वतःचीच. ती होती. पाइपावर एक थेंब पडला नव्हता, हेही आता आठवलं.

ती परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, “तेव्हा का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? मला पण घे म्हणून?”

भिकन सरांनी हाक मारली आणि ती रेषेवर गेली. शेखररावांनी बाकीचे बाण हातात धरले होते. तिने एक मारला की हात मागे यायचा, आणि तो मागे यायच्या आत ते दुसरा पुढे करायचे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. शेवटचे दोन बाण तिने लागोपाठ लांब मारले, मातीत गेले, आणि ती म्हणाली की आता खांदा दुखतोय.

दुपारच्या बसने ती पुण्याला गेली. द्वारकेच्या गर्दीत ते तिला पोचवायला गेले. बस हलताना ती खिडकीतून म्हणाली, “गोळ्या घे वेळेवर.” ते म्हणाले, “घेतो.” मग आणखी काहीतरी म्हणावं म्हणून ते बसबरोबर थोडे चालले, पण शेजारच्या ट्रकने हॉर्न दिला आणि बस वळली.

घरी आले तर इंदिराताई ओली चादर हातात घेऊन दाराआड शोधत होत्या.

“माझी कपड्यांची काठी कुठाय?”

“मोडली.”

“कुणी मोडली?”

“मृणूने. खेळताना.”

इंदिराताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या, आणि चादर खुर्चीवर टाकायला निघाल्या.

“थांब,” शेखरराव म्हणाले.

ते तिसऱ्या खोलीत गेले. पलंगावर रात्री मृण्मयी झोपली होती त्याची चादर तिने घडी घालून ठेवली होती, आणि बारा सांगाडे वर्तमानपत्रासकट खाली जमिनीवर, एकही इकडचा तिकडे न होऊ देता. शेखररावांनी त्यातला एक उचलला. कुठला, ते पाहिलं नाही. पिसांचे दांडे अंगठ्याने काढून टाकले, काडीवरची पूड सदऱ्याला पुसली आणि स्वयंपाकघरात येऊन ओली चादर स्वतःच दांडीवर चढवली. चादर जड होती. काडी जराही वाकली नाही.